ऑटोमॅटिक फोर-बाय-फोरमध्ये लिव्हर 'डी'वरच ठेवायचा की गिअर आपण निवडायचा?

तुम्ही विचारलंय की फोर-लो (म्हणजे लो रेंज: चारही चाकांना ताकद, वेग कमी आणि जोर जास्त) लावल्यावर लिव्हर 'डी'वर ठेवून चालतं का, की १-२ आपणच टाकायचे. आणि टाकायचे तर कधी?

साध्या रस्त्यावर 'डी' पुरेसा आहे, तिथे डोकं खपवू नका. पण फोर-लो लावायची वेळ आली म्हणजे समोर काहीतरी अवघड आहे, आणि तिथे गिअर तुम्हीच ठरवलेला बरा. गिअरबॉक्स मुख्यतः गाडीचा वेग आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय बघून गिअर बदलतो. चढाच्या मध्यावर सुटी खडी आहे, हे त्याला दिसत नाही.

सगळ्यात जास्त फरक उतारावर पडतो. 'डी'मध्ये उतरायला लागलात की पाय ॲक्सिलरेटरवरून उठतो, वेग मात्र वाढत जातो. अशा वेळी बरेच गिअरबॉक्स वरचा गिअर टाकून मोकळे होतात. इंजिनाने धरून ठेवलेली गाडी सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ओल्या मातीत ब्रेकवर जोर दिला की गाडी घसरते. काही नव्या गाड्या उतार ओळखून गिअर धरून ठेवतात, पण मी त्यावर विसंबत नाही. उतार सुरू व्हायच्या आधी, वर सपाटीवरच थांबायचं, फोर-लो लावायचा, पहिला गिअर टाकायचा आणि डॅशबोर्डवर १ दिसतोय ना हे बघूनच पुढे सरकायचं. मग ब्रेक फक्त अधूनमधून, हलका. उतारावर न्यूट्रल अजिबात नको.

लिव्हरवरच्या आकड्याचा अर्थ सगळ्या गाड्यांत एकच नसतो बरं का. काहींत '२' म्हणजे दुसराच गिअर, काहींत '२' म्हणजे दुसऱ्याच्या वर जायचं नाही, एवढंच. मॅन्युअल मोडमध्येही काही गाड्या इंजिन फार फिरलं की स्वतःच वरचा गिअर घेतात. गाडीसोबतचं पुस्तक एकदा उघडाच.

लो रेंजने किती फरक पडतो? जीप रँग्लर रुबिकॉनच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४.७१, लो रेंजचं ४ आणि ॲक्सलचं ४.१० आहे. गुणाकार ७७ च्या वर जातो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ७७ फेरे. बऱ्याच गाड्यांत लो रेंज २ ते २.७ च्या आसपासच असते, तीही कामापुरती भरपूर होते.

चढावर मात्र नेहमी पहिलाच हवा असं नाही. सुट्या मातीत फोर-लोच्या पहिल्या गिअरचा जोर इतका असतो की चाकं जागच्या जागी फिरतात; तिथे मी दुसरा धरून ठेवतो. वाळूत बहुतेकदा फोर-हाय (चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्या वेगाची रेंज), आणि गिअर पकडून ठेवलेला. मध्येच गिअर बदलला की गती तुटते आणि गाडी बसते. रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबून बसू नका, टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे देणारा भाग) तेल घुसळून तापतं. तापमानाचा दिवा लागलाच तर थांबा, 'पी'मध्ये टाका आणि इंजिन चालू ठेवा, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील.

फोर-लो लावताना गाडी थांबवा, ब्रेकवर पाय, गिअर 'एन'मध्ये, मग फोर-बाय-फोरचा लिव्हर ओढा किंवा नॉब फिरवा. फोर-लोचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत 'डी' टाकू नका. लागतच नसेल तर दाते समोरासमोर अडलेले असतात. गाडी वीतभर पुढे सरकू दिली की बसतात. काही गाड्यांत हे अगदी हळू चालत्या गाडीवरच करायला सांगितलेलं असतं. पार्ट-टाइम फोर-बाय-फोर (गरजेपुरतीच चारही चाकं जोडणारी) असेल तर कोरड्या डांबरावर टू-हायवर (दोनच चाकांना ताकद) परत या. वळताना पुढची नि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण सगळा ट्रान्सफर केसवर (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा भाग) येतो.

आणि 'पी'बद्दल. तो गिअरबॉक्सचा शाफ्ट अडवतो, चाकं नाही. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल, तर 'पी' टाकूनही गाडी उतारावरून सुटते. म्हणून ब्रेक दाबून ठेवून आधी हँडब्रेक ओढायचा, मगच 'पी'.