ग्राफीनवर (म्हणजे कार्बन अणूंच्या एका अणूइतक्या जाड थरावर) रंगाचे रेणू बसवले की त्यांची चमक का जाते? मग अशा संकरित पदार्थाचा उपयोग काय?

चमक जाते कारण प्रकाशाने उत्तेजित झालेला रेणू आपली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडण्याआधीच ग्राफीन ती ओढून घेतं. रोडामाइन ६जी या चमकणाऱ्या रंगाचं उदाहरण घ्या. त्याचा गाभा सपाट कड्यांचा, ग्राफीनही सपाट. त्यामुळे रासायनिक बंध न करताही रेणू त्यावर घट्ट बसतो. कार्बन अणूंची जाळी मोडत नाही, म्हणून ग्राफीनची वीज वाहण्याची क्षमताही बरीचशी टिकते.

आता उपयोग. एरवी रोडामाइनच्या चकाकीत त्याचा रामन वर्णपट (विखुरलेल्या प्रकाशातून मिळणारी रेणूची ओळखखूण) पार बुडून जातो; ग्राफीनवर तो स्वच्छ दिसतो. शिवाय ग्राफीनचा एक थर जेमतेम २.३ टक्के प्रकाश शोषतो. प्रकाशसंवेदकात ती उणीव रंग भरून काढतो. अशा पदार्थाच्या सौरघटांतील उपयोगाबद्दलचे दावे मात्र जरा जपूनच वाचा.