सर्वकालीन सर्वश्रेष्ठ टेनिसपटू कोण?

माझ्या मते स्टेफी ग्राफ. इथे इंदूरला रामबागेत मित्रमंडळी जमली की हा वाद फेडरर, नदाल, जोकोविच या तिघांतच फिरतो. पुरुषांपुरतं विचाराल तर जोकोविच: २४ ग्रँडस्लॅम, शिवाय उरलेल्या दोघांविरुद्धही जास्त विजय.

पण १९८८ साली स्टेफीने चारही ग्रँडस्लॅम जिंकल्या आणि वर सोलला ऑलिंपिक सुवर्ण! व्हीलचेअर टेनिस वेगळं ठेवलं, तर एकाच वर्षात एकेरीत हे आजवर दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. चारही ग्रँडस्लॅम प्रत्येकी किमान चार वेळा जिंकणारीही तीच एकटी. विम्बल्डनचं गवत असो की पॅरिसची लाल माती, ती कुठेच कच्ची नव्हती. नुसत्या एकूण आकड्यापेक्षा मला हे फार मोठं वाटतं.