कोणते शब्द ऐकवत नाहीत? आधी माझं 'मी आलो' ऐकून घ्या

तुम्ही विचारलंय, कोणते मराठी शब्द आणि उच्चार कानाला खटकतात आणि ते समोरच्याला कसं सांगावं. पहिल्याचं उत्तर पटकन देतो. बातम्यांतलं 'पाहायला मिळतंय': अहो, पाऊस पडतोय म्हणा की सरळ. भाषणातलं दर वाक्याला येणारं 'या ठिकाणी' आणि 'कुठंतरी'. 'मला मदत कर' सोडून 'माझी मदत कर'. इंग्रजी पाटी वाचून केलेला आमच्या कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याचा 'रंकाला'. चांदण्यातला च चंद्रातल्या च सारखा म्हणणं. 'माझा' आणि 'माझी' यांतला झ वेगळा असतो, तोही आता पोरांच्या तोंडून जायला लागलाय. आणि आमचं 'नाद खुळा', जे कुणी कशालाही चिकटवतं.

दुसरा प्रश्न वाचला आणि जुनं सगळं वर आलं.

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली. आमच्या घरात आज्जी, आई, आत्या सगळ्या 'मी आलो, मी जातो' म्हणतात. बाईमाणसं असूनही. 2011 साली पुण्यात पहिली नोकरी लागली. दुसऱ्याच आठवड्यात मीटिंगमधून उठताना म्हणालो, "पाच मिनिटांत येतो." आमच्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "येतो काय? येते म्हण. मुलगी आहेस ना तू?" सगळे हसले. मग रोजच सुरू झालं. मी जागेवरून उठलो की कुणीतरी "आला का गं?" म्हणायचं. मी बोलायच्या आधी मनात वाक्य फिरवून घ्यायला लागलो, आणि शेवटी मीटिंगमध्ये बोलायचंच सोडलं. कामात मागं पडलो ते त्यामुळं, हे मी आजही म्हणतो.

दिवाळीला घरी आलो. पहाटे स्टँडवर उतरलो, रिक्षानं पेठेत. आज्जीला मोतीबिंदूमुळं नीट दिसत नव्हतं, ती सोप्यात तांदूळ निवडत बसलेली. मी चपला काढत म्हणालो, "आज्जी, मी आले."

तिचा हात सुपातच थांबला. आत तोंड करून आईला म्हणाली, "कोण आलंय बघ गं, पावणी हाय."

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. "आज्जी, मीच की. आलो."

"मग तसं सांग की बाळ," म्हणाली आणि तांदळाचेच हात माझ्या तोंडावरनं फिरवले. त्या दिवसापासून मी घरात 'आले' म्हणालेलो नाही, आणि सुट्टी संपल्यावर ऑफिसातही नाही.

मॅडमचं म्हणणं होतं, यानं भाषा बिघडते. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आता देतो. 'आम्ही आलो' म्हणताना पुण्यातली बाईही 'आलो'च म्हणते, तिथं मुलगी की मुलगा कुणी विचारत नाही. 'मी येईन' दोघांचं एकच. कागलच्या पुढं गेलं की कर्नाटक लागतं, तिथं बाई असो नाहीतर गडी, दोघंही 'मी आलो'ला कन्नडात 'नानु बंदे'च म्हणतात. कुणाचं काही बिघडलेलं नाही. एका अख्ख्या मुलखातल्या बायका पिढ्यान् पिढ्या जे बोलतात, ते चूक कसं?

तेव्हा समोरच्याला कसं सांगावं, तर आधी तो माणूस कुठला ते विचारा. हिंदीतून किंवा टीव्हीवरून उचललेलं असेल तर जरूर टोका, पण एकट्यात. घरातून आलेलं असेल तर गप्प बसा. सगळ्यांसमोर तर कुणालाच टोकू नका.

परीक्षेच्या पेपरात प्रमाण मराठीच लिहावं, हे मलाही मान्य आहे, पोरीला मी तसंच शिकवतो. कोल्हापुरातल्याही बऱ्याच घरांत मुली आता 'आले' म्हणतात, तेही त्यांचं बरोबरच.

पण आमच्या नणंदबाईंना हे पटत नाही. दर सुट्टीत त्या माझ्या सात वर्षांच्या पोरीला दुरुस्त करतात. गेल्या मे महिन्यात ती दारात चपला घालत म्हणाली, "आत्या, मी खेळायला जातो." नणंदबाईंनी माझ्याकडं बघितलं.

"जा," मी म्हणालो, "पण सातच्या आत ये. मी पण येतो न्यायला."