अचानक बिघडलेला बासरीचा सूर

पाच वर्षं रोज तासभर रियाज, पांढरी तीनची (म्हणजे त्या पट्टीची, लांब) बासरी, आणि गेल्या तीन आठवड्यांत सूर एकदम फुसका. मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, तर लागतच नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, "माझे ओठ गेले का?" हे वाक्य वाचून फार वाईट वाटलं, कारण मीही एकदा हेच धरून बसलो होतो. ओठ असे जात नाहीत. पाच वर्षांत बसलेली फुंक मोडलीच तर हळूहळू मोडते. तीन आठवड्यांत सूर बदलला, तर काहीतरी बारीकसं घडलेलं असतं, आणि ते शोधायची सुरुवात बासरीपासून करायची.

आज रियाज करू नका. बासरी वाजवणारं कुणी ओळखीचं असेल तर तुमची बासरी त्याला द्या आणि त्याची तुम्ही वाजवा. पाच मिनिटांत अर्धा उलगडा होईल. कुणी नसेल तर सुरांनाच विचारा. ग आणि रे स्वच्छ येतात, पण सा, नी, ध असं उतरताना दर बोटागणिक सूर विरत जातो का? मग खालच्या भागात कुठूनतरी हवा निसटतेय. भेग असेल, नाहीतर एखादं बोट भोकावर पुरतं बसत नसेल. पांढरी तीनसारख्या लांब बासरीत भोकं मोठी आणि दूर दूर असतात, त्यामुळे खालच्या हाताची अनामिका नकळत उचलली जाते; आधी तीच बघा. वरपासून खालपर्यंत सगळेच सूर सारखे हवादार असतील तर कारण मुखरंध्र (फुंकायचं भोक), त्याच्या आसपासची भेग, बासरीचं वरचं टोक बंद करणारं बूच किंवा ओठ.

हवा निसटतेय का हे कळायला साधी चाचणी आहे. सहाही स्वररंध्रं (आणि टोकाकडे जास्तीचं भोक असेल तर तेही) टेपने बंद करा, खालचं तोंड तळव्याने दाबा आणि मुखरंध्रातून हवा ओढा. बासरी क्षणभर ओठाला चिकटून राहिली पाहिजे. नाही राहिली, तर गळती आहे. बूच सैल वाटलं तरी लगेच सरकवू नका, आधी त्याची जागा मोजून ठेवा. ते हललं की सप्तकांचा मेळ बिघडतो. मुखरंध्राच्या आतल्या कडेवर तेल आणि धुळीचा चिकट थर बसतो, तो मऊ ओलसर कापडाने पुसून घ्या. नखाने किंवा चाकूने खरवडायचं नाही, कारण सूर त्या कडेवरच तयार होतो.

माझ्या बाबतीत भेग होती. नागपुरातला मे महिना, बाहेर कोरडी आग आणि खोलीत कूलर. आपल्या बासऱ्यांचा बांबू बहुतेक आसामकडचा, लांब पेरांचा आणि पातळ, दमट हवेत वाढलेला. तो इथे चिरला नसता तरच नवल. पण चीर होती गुंडाळलेल्या दोऱ्याखाली, मुखरंध्रापासून दोन बोटांवर. दिसलीच नाही. दोन महिने मी स्वतःच्या ओठांना दोष देत राहिलो. शेवटी गुरूजींनी बासरी हातात घेतली, एक सूर लावला आणि म्हणाले, "दोरा सोड."

मी नवी बासरी आणली, आणि सूर तरीही वाईटच. तुम्हाला मला खरं तर हेच सांगायचंय. गळक्या बासरीतून सूर काढण्यासाठी त्या दोन महिन्यांत मी जोरात फुंकायला लागलो होतो, बासरी हनुवटीवर दाबायला आणि आत वळवायला लागलो होतो. मूळ कारण गेलं, त्यावर केलेले उपाय अंगात राहिले. बासरी आत वळली की खालचा ओठ मुखरंध्र जास्त झाकतो, सूर चोंदतो आणि उतरतो. तानपुरा लावून पाहा: नेहमीची बासरी आता सगळीकडेच उतरलेली वाटते का? तसं असेल तर तुम्हीही हेच करताय.

त्यामुळे परत येताना काही वाढवायचं नाही, काढत जायचं. दिवसातून तीनदा, दहा-बारा मिनिटंच. सुरुवात मधल्या सप्तकातल्या ग किंवा रे पासून, अगदी हलक्या फुंकेने. आरशात बघा, ओठांमधली फट तिळाएवढी हवी. हाताचा दाब सोडा, बासरी हनुवटीवर नुसती टेकू द्या. तो एक सूर स्वच्छ होईपर्यंत खाली उतरायचं नाही. मग सा, नी, ध. ते जमल्यावर सहाही भोकं बंद ठेवून मंद्र पंचम, त्याच बोटांवर मधला पंचम, आणि त्याच्यावरचा रे. जोर न वाढवता, ओठ किंचित पुढे आणि फट बारीक करून. माझी फुंक सगळ्यात जास्त या तीन सुरांनी सुधारली.

फोनवर रेकॉर्ड करताना फोन सात-आठ फूट लांब ठेवा. वाजवणाऱ्याच्या कानाला ऐकू येणारी फसफस बरीचशी तिथवर पोचत नाही, त्यामुळे उगाच खचायला होत नाही.

बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींकडे शिकायला लागले तेव्हा ते नावाजलेले वादक होते. तरी त्यांनी बासरीची बाजूच बदलली आणि हात नव्याने बसवले. एका सुरावर परत जाण्यात कमीपणा वाटला की मी हे आठवत असे.

एक मात्र गंभीरपणे घ्या. चूळ भरताना तोंडाच्या एका बाजूने पाणी ओघळत असेल, ओठ बधिर वाटत असेल किंवा एक डोळा नीट मिटत नसेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आजच डॉक्टरांकडे जा. दाताचं काम नुकतंच झालं असेल तर तेही कळवा. पुढच्या दाताची जाडी जराशी बदलली तरी फुंकेची दिशा बदलते.

मंद्र पंचम सगळ्यात शेवटी येईल, त्याची घाई करू नका. माझा सातव्या आठवड्यात आला, पहाटे, दोन-तीन सेकंदच. दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्हता. त्यानंतरच्या आठवड्यात टिकला. तपासणीत काय सापडलं ते इथे लिहा, आणि ग, सा, मंद्र प या तिन्ही सुरांचं रेकॉर्डिंग टाका. मी ऐकतो.