दिवस बुडाला की पाणी बंद

"मॅडम, मायं काही चुकते का?" यवतमाळकडच्या गावांत गरोदर बायका हे इतक्यांदा विचारतात की मी आता सरळ उत्तर देतच नाही. वजन वाढलं नाही, रक्त कमी निघालं, चक्कर आली, काहीही होवो, दोष बाई आधी स्वतःकडे घेते. अशा वेळी मी मनाआधी घराची चौकशी करते. सोबतचे हसतात. हसू देत.

मालतीला (नाव बदललंय) सहावा महिना होता. हिमोग्लोबिन 8.8, गरोदरपणात ते 11 तरी हवं. लघवीची जळजळ दोनदा होऊन गेलेली. सासूची तक्रार एकच, 'ही खातच नाही'. तीन भेटी मी खाण्यावरच घालवल्या, ती चूक माझी. चौथ्यांदा विचारलं, "झोपतेस कुठं?"

"मधातल्या खोलीत, कापसाजवळ. भाव यायचा हाये ना जी. अंग खाजते, डोळा लागत नाई."

"तहान लागली तर?"

"दिवस बुडाला का पाणी बंद. रातची बाहेर जा लागते, हे पोट घेऊन."

"संडास आहे की घरी."

"त्याच्यात पऱ्हाटी भरली हाये." पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, चुलीचं सरपण.

दारात तूर पाखडणाऱ्या सासूचं सूप थांबलं. "आमीबी असंच केलं. माया दुसऱ्या वखती सातव्यातच मोकळी झालो. लेकरू राह्यलं नाई. समदे म्हणे, नजर लागली."

'बघा, पाण्यामुळेच झालं' असं म्हणायचा मोह होता. पण इतक्या जुन्या बाळंतपणाचं कारण मी कुठून सांगणार? मी इतकंच विचारलं, "मावशी, तेव्हा हे कोणाला सांगितलं होतं?"

"हे का सांगाची गोष्ट हाये, बाई?"

"हिनं आज सांगितलं."

बराच वेळ कोणी बोललं नाही. ती शांतता मी मोडली नाही. इतक्या वर्षांत मी शिकले असेन तर एवढंच.

तुमच्या घरी कोणी गरोदर असेल तर ऐका. वाढतं गर्भाशय मूत्राशयावर दाबतं, म्हणून वारंवार लघवी होणारच. पाणी तोडलं, लघवी दाबून धरली की जंतुसंसर्गाला वाट मिळते, आणि तो अंगावर काढला तर कळा वेळेआधी येऊ शकतात. जळजळ, ताप किंवा कंबरदुखी असेल तर त्याच दिवशी लघवी तपासून घ्या. नुसत्या धन्याच्या पाण्यावर राहू नका. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. पऱ्हाटीचा धूर बाळाच्या वजनावर येतो. सिलिंडर परवडत नसेल तर चूल निदान उघड्यावर मांडा, आणि शक्यतो दुसऱ्या कोणी पेटवा. फवारणीचे डबे झोपायच्या खोलीत नकोतच. 2017 साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते विसरू नका. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

पुढच्या महिन्यात गेले तेव्हा पऱ्हाटी अंगणात आली होती, संडासाला कडी बसली होती. कापूस अजून मधातच, पण मालतीची खाट ओसरीत. सासूनं मला पाण्याचा गडवा दिला आणि हळूच म्हणाली, "आता मीबी रातची पेतो."