'एक्स्प्लॉयटेशन फिल्म'ला 'शोषणपट' म्हणावे का?

आल्दो लादो यांच्या १९७५ च्या 'लुल्तिमो त्रेनो देल्ला नॉत्ते' (रात्रीची शेवटची गाडी) या इटालियन चित्रपटाविषयी लिहिताना एका वाचकाने 'शोषणपट' हा शब्द योजला आणि तो योग्य आहे का, असे विचारले आहे. माझ्या मते तो योग्य नाही.

रहस्यपट, भयपट, युद्धपट, सूडपट या शब्दांत 'पट'च्या आधीचे पद कथेत काय आहे ते सांगते. त्याच न्यायाने 'शोषणपट' वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वेठबिगार, सावकार, गिरणीमालक उभे राहतात आणि पिळल्या जाणाऱ्यांची बाजू घेणारा चित्रपट असावा, असे त्याला वाटते. इंग्रजी संज्ञेचा रोख मात्र कथेवर नसून धंद्यावर आहे. अमेरिकी चित्रपट-व्यवसायात 'एक्स्प्लॉयटेशन' म्हणजे जाहिरातबाजी, चित्रपट खपवण्यासाठी केलेला गाजावाजा. नामवंत नट नाहीत, पैसा बेताचा, तेव्हा हिंसा, नग्नता किंवा ताज्या खळबळजनक विषयाच्या जोरावर प्रेक्षक खेचायचा, अशा चित्रपटांना पुढे ते नाव चिकटले. मराठीतला 'गल्लाभरू' त्याच्या जवळ जातो, पण तो कौटुंबिक विनोदी चित्रपटालाही लागतो. म्हणून त्याला 'भडक' हे विशेषण जोडावे, किंवा सरळ 'एक्स्प्लॉयटेशन' लिहून एकदा खुलासा करावा.

या चित्रपटाच्या बाबतीत तर हा भेद फारच महत्त्वाचा आहे. नाताळसाठी म्युनिकहून इटलीला निघालेल्या दोन तरुणींवर रेल्वेत दोन गुंड अत्याचार करतात. त्याच गाडीतील एक उच्चभ्रू बाई त्यांना आवरण्याऐवजी चिथावते. दोघींचा अंत झाल्यावर हे तिघे योगायोगाने त्यांच्यापैकी एकीच्या घरी पोहोचतात, आणि तिचे शल्यविशारद वडील त्या गुंडांचा सूड घेतात. बाई मात्र सहीसलामत सुटते.

हा कथेचा साचा १९७२ च्या वेस क्रेव्हन यांच्या 'द लास्ट हाउस ऑन द लेफ्ट'चा, आणि त्यामागे स्वीडिश दिग्दर्शक बर्गमन यांच्या १९६० च्या 'द व्हर्जिन स्प्रिंग'चा. बर्गमन यांच्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. लादो यांच्या चित्रपटाला ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने १९७६ मध्ये प्रमाणपत्र नाकारले आणि ऐंशीच्या दशकात तो तिथल्या आक्षेपार्ह व्हिडिओंच्या यादीत गेला. समीक्षकांचा मुख्य आक्षेप असा, की मुलींच्या यातनांचे भांडवल करून तिकिटे विकली गेली. बाजू घेणारे म्हणतात, की बाईचे सुटणे हेच चित्रपटाचे म्हणणे आहे. हिंसेची शिक्षा खालच्या वर्गाला होते आणि त्या हिंसेला फूस लावणारा वरचा वर्ग नामानिराळा राहतो. मला हा बचाव पोकळ वाटत नाही, कारण त्या बाईला कथेतून काढले तर सूडाखेरीज फारसे काही उरणार नाही.

आता पाहा: पहिला आक्षेप चित्रपटकर्त्याने विषयाचे शोषण केल्याचा, तर दुसरा युक्तिवाद त्याने वर्गीय शोषण दाखवल्याचा. 'शोषणपट' लिहिले की दोन्ही एकाच शब्दात कोंबले जातात आणि वाचकाला आरोप कोणता व समर्थन कोणते, हे कळत नाही. कथेविषयी बोलायचे असेल तेव्हा 'सूडपट' पुरेसा आहे. तो रुळलेला आहे, नेमका आहे, आणि चित्रपट चांगला की वाईट याविषयी आधीच निवाडा देत नाही. विक्रीच्या पद्धतीविषयी बोलायचे असेल तर 'अत्याचाराचे भांडवल करणारा चित्रपट' असे लिहावे. शब्द दोन-चार वाढतील, पण दोष कोणावर ठेवला आहे ते स्पष्ट राहील.