थंडीतील बाग : वाचकांचे प्रश्न

थंडी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. यंदा आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण तो प्रश्न निरनिराळ्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे.

प्रश्न : थंडीची लाट येणार असे कळल्यावर मी टोमॅटो आणि मिरचीच्या प्रत्येक झाडावर प्लास्टिकची पिशवी चढवून तिचे तोंड खोडाशी सुतळीने बांधले. तरीही सकाळी पाने काळी पडून लोंबत होती. अंदाज तर किमान तापमान ३ अंश राहील असा होता. माझे काय चुकले?

उत्तर : पिशवीचे तोंड खोडाशी बांधले, हीच चूक झाली. आपण पांघरूण घेतो तेव्हा ते आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवते. झाडाच्या अंगी अशी ऊब नसते. बागेत रात्री ऊब येते ती जमिनीतून, दिवसभर उन्हात तापलेली माती ती हळूहळू वर सोडते तेव्हा. तोंड बांधलेल्या पिशवीने झाडाला नेमके त्या उबेपासून तोडले. आच्छादन झाडावरून थेट जमिनीपर्यंत आले पाहिजे, त्याचा घेर मोठा असला पाहिजे आणि कडा विटांनी किंवा मातीने दाबलेल्या असल्या पाहिजेत.

दुसरी गोष्ट पानांना टेकलेल्या प्लास्टिकची. तो पातळ पापुद्रा रात्री जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच गार होतो, आतल्या बाजूला जमलेला ओलावा त्याच्यावर गोठतो आणि त्याला चिकटलेले पानही गोठते. म्हणून काठ्यांचा किंवा वाकवलेल्या तारेचा सांगाडा करून प्लास्टिक पानांपासून चार बोटे दूर ठेवावे, किंवा सरळ न विणलेले पांढरे क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर पांघरायचे हलके कापड, वापरावे. मात्र पातळ क्रॉप कव्हरकडून साधारण २ अंशांच्या फरकापेक्षा अधिक अपेक्षा ठेवू नये. झाकण्याची वेळ सूर्य मावळण्यापूर्वीची. अंधार पडल्यावर झाकले तर निम्मी ऊब तोवर निघून गेलेली असते.

आता ३ अंशांविषयी. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर, जाळीदार पेटीत असतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीलगतचे तापमान त्याहून काही अंशांनी खाली जाते. त्यामुळे अंदाजात ३ किंवा ४ अंश दिसले आणि संध्याकाळी चांदण्या लख्ख दिसू लागल्या, की दव गोठणार असे धरून चालावे. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री हा धोका बराच कमी असतो. गार हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि बागेतील सर्वांत खोलगट कोपऱ्यात साचते. नाजूक झाडे त्या कोपऱ्यात लावूच नयेत.

माती कोरडी असेल तर अशा दिवशी दुपारच्या आतच पाणी द्यावे. कोरड्या मातीतील पोकळ्यांत हवा असते व ती फारशी उष्णता साठवत नाही. ओली माती साठवते आणि रात्री वर पोहोचवते. याच कारणाने मिरचीच्या बुडाशी असलेला पालापाचोळ्याचा जाड थर त्या एका रात्रीपुरता बाजूला ओढलेला बरा, कारण तो जमिनीची ऊब जमिनीतच अडकवून ठेवतो. लसूण, गाजर यांसारख्या पिकांना मात्र तोच थर हवा असतो. तिथे जपायचे ते जमिनीतले असते.

काळी पडलेली पाने लगेच छाटू नका. ती खालच्या डोळ्यांवर, म्हणजे नवी फूट जिथून येते त्या कळ्यांवर, थोडेफार पांघरूण धरतात, शिवाय छाटणीने कोवळी फूट सुटते आणि पुढच्या थंडीत तीच आधी जाते. मिरचीचे खोड नखाने किंचित खरवडून पाहावे. आत हिरवे दिसले तर थांबावे. टोमॅटोकडून मात्र मला फारशी आशा वाटत नाही.

प्रश्न : गाजर पेरून तीन आठवडे झाले, एकही कोंब दिसत नाही. बियाणे खराब निघाले का?

उत्तर : बियाण्याला दोष देण्यापूर्वी मातीचे तापमान पाहावे. साधा तापमापक सकाळी मातीत ५ सेंटिमीटर खोल खोचून तीन-चार दिवस नोंद ठेवली, तर पाकिटावरील माहितीपेक्षा अधिक उपयोग होतो. २० अंशांच्या मातीत गाजर सुमारे एका आठवड्यात उगवते, १० अंशांना अडीच आठवडे लागतात आणि ५ अंशांना सुमारे ५० दिवस. मटाराचेही तसेच आहे : २० अंशांना आठवडाभर, ५ अंशांना पाच आठवड्यांच्या आसपास. टोमॅटो १० अंशांखाली बहुधा उगवतच नाही, मिरचीला त्याहूनही उबदार माती लागते. पालक मात्र पाणी गोठण्याच्या जरा वरच्या तापमानातही हळूहळू मान वर काढतो.

मटार पेरला असता तर दोन दाणे उकरून पाहा असे मी सुचवले असते. टणक, फुगलेला दाणा म्हणजे प्रतीक्षा, बोटाने चिरडणारा म्हणजे कुजलेला. गाजराचे बी इतके बारीक असते की ते शोधताना वाफाच विस्कटेल. त्याऐवजी उरलेल्या बियांतील वीस बिया ओल्या कागदात गुंडाळून घरात उबेला ठेवाव्यात. दहा-बारा दिवसांत त्यातील बऱ्याच फुटल्या, तर बियाणे चांगले आहे. पुन्हा पेरायचेच झाले तर वाफसा आल्यावरच, म्हणजे जादा पाणी निघून माती नुसती ओलसर व भुसभुशीत राहिल्यावरच, पेरावे. चिखलट गार मातीत बी उगवण्याआधी कुजते.

प्रश्न : पालक आणि कोबीची रोपे चार-पाच पानांवर येऊन थांबली आहेत. कोबीची पाने खालून जांभळट झाली आहेत. दोनदा खत दिले, फरक नाही. आणखी द्यावे का?

उत्तर : देऊ नये. गार मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही, आणि कोबीची जांभळी पाने बहुतेक वेळा तेच सांगत असतात. मातीत स्फुरद नाही असा त्याचा अर्थ नव्हे. नत्र (नायट्रोजन) झाडाला घेता येईल अशा रूपात आणणारे जिवाणूही थंडीत मंदावतात, त्यामुळे सेंद्रिय खत बरेचसे तसेच पडून राहते. रासायनिक नत्र दिले तर उलट लुसलुशीत, पाणीदार पाने येतात आणि ती पहिल्या कडाक्यात करपतात.

आणखी एक कारण प्रकाशाचे आहे. दिवस १० तासांहून लहान झाला की बहुतेक पालेभाज्यांची वाढ जवळजवळ थांबते, मग वर कितीही आच्छादने घाला. म्हणून थंडीच्या बागेची पेरणी थंडीत नव्हे, तिच्या आधीच व्हावी लागते : दिवस तेवढा आखूड होण्यापूर्वी रोपे पाऊणएक मोठी झालेली असावीत. नंतर ती वाढत नाहीत, पण वाफ्यातच ताजी उभी राहतात आणि लागेल तशी खुडता येतात. थंडीला तोंड देताना ती पेशींत साखर साठवतात, त्यामुळे पालकाला आणि गाजराला गोडी येते. आपली रोपे मेलेली नाहीत. दिवस वाढू लागले की तीही वाढू लागतील.

प्रश्न : कुंड्यांतील झाडे जमिनीतल्या झाडांपेक्षा लवकर का दगावतात? पाणी तर मी रोज संध्याकाळी देते.

उत्तर : जमिनीत मुळांना चहूबाजूंनी मातीचे संरक्षण असते, कुंडीत गार हवा सगळीकडून भिडते, आणि मुळे फांद्यांपेक्षा मुळातच नाजूक असतात. कुंड्या भिंतीलगत एकमेकींना खेटून ठेवाव्यात व बाहेरच्या रांगेला गोणपाट गुंडाळावे. पाणी मात्र रोज आणि संध्याकाळी नको. वरची दोन बोटे माती सुकली, कुंडी उचलल्यावर हलकी लागली, तरच सकाळी ऊन आल्यावर द्यावे. बुडाखाली विटांचे तुकडे ठेवावेत म्हणजे निचरा होईल. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, आणि चिंब मातीने भरलेली मातीची कुंडी त्याने तडकते.

प्रश्न : रोपे झाकण्यासाठी जुन्या खिडकीची काच बसवून लाकडी चौकट केली आहे. ती रात्रंदिवस बंद ठेवली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. बाहेर बोचरी थंडी असली तरी स्वच्छ उन्हात बंद काचेखालचे तापमान पाहता पाहता ३० अंशांपलीकडे जाते, आणि कोंदट ओलाव्यात रोपे बुडाशी काळी पडून कोलमडतात. मी स्वतः एकदा सकाळी धुके पाहून चौकट न उघडताच बाहेर पडलो. दुपारी परतलो तेव्हा काचेला आतून पाण्याचे थेंब लगडले होते आणि कोथिंबीर उकडल्यासारखी मातीला चिकटून पडली होती. ऊन चढू लागले की काचेखाली विटेचा तुकडा सरकवावा आणि सावली चौकटीवर येण्यापूर्वी काढून घ्यावा. मी तो तुकडा आता चौकटीवरच ठेवतो, म्हणजे सकाळी डोळ्यांसमोर राहतो.